पायडलवरचा ए मायनर

मास्तरांच्या दुकानात गिटार पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून, आणि मास्तरांच्या उभ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. आजवर त्यांच्या टेपसमोर जे कोणी उभं राहिलं, ते माप घेताना हललं होतं, गुदगुल्या होतात म्हणून खिदळलं होतं, नाहीतर पोट आत ओढून सरळसरळ खोटं बोललं होतं. हे गिऱ्हाईक काउंटरला टेकून निश्चल उभं राहिलं. छाती छातीच्या जागी, कंबर कंबरेच्या जागी, आणि मान अशी ताठ की तिला कॉलरची गरजच नव्हती. त्या क्षणी मशीन आपोआप थांबलं, भिंतीवरच्या घड्याळाने एक ठोका गिळला, आणि हँगरवरच्या शाळेच्या शर्टांनी ओळीने माना वळवून दाराकडे पाहिलं. हे सगळं शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितलेलं आहे. इस्त्रीवाला कुठलीही गोष्ट आधी पाणी मारून फुगवतो आणि मग कडक घडी घालून समोर ठेवतो, तेव्हा त्यातलं किती घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

गिटारमागे एक हडकुळे गृहस्थ होते. त्यांचे केस मानेवर रबराने बांधलेले होते. ते समोरच्या गल्लीत गिटारचे क्लास घेत आणि सगळे त्यांना सर म्हणत.

"हिला कव्हर शिवून हवंय," सर म्हणाले.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला आणि गिटारकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग त्यांनी छाती घेतली, कंबर घेतली, सीट घेतली, गळा घेतला. "बाही?" असं सवयीने विचारून ते थांबले.

"स्लीव्हलेस शिवा," सर म्हणाले.

"अंगाबरोबर, की जरा ढगळ?"

"अंगाबरोबर."

मास्तरांनी मान डोलावली आणि ढगळ शिवलं. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य शाळेचे गणवेश शिवण्यात गेलं होतं, आणि गणवेशाचं गिऱ्हाईक वाढत्या अंगाचं असतं. म्हणून शिवणीच्या आत दोन इंच जास्तीचं कापड सोडायचं, ज्याला शिंपी माया म्हणतात. म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं. इतक्या वर्षांत मास्तरांचा हात मायेशिवाय कात्री चालवायला तयारच नसे. चार दिवसांनी सर ट्रायलला आले तेव्हा कव्हरात गिटार होती, आणि गिटारच्या कमरेपाशी आणखी एखादं छोटं वाद्य मावेल एवढी जागा होती.

"मास्तर, ही वाढणार नाही आता," सर म्हणाले. "लाकडाची आहे."

"आत घेतो," मास्तर म्हणाले. "दोन दिवस राहू दे इथेच."

त्या दोन दिवसांनीच घोटाळा केला.

मास्तरांची बायको, जिला इस्त्रीवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळे वहिनी म्हणत, दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात बसून काजं-बटणं करत असे. मधे कापडाचा पडदा होता. पडद्याच्या पुढे मास्तरांचं पायमशीन चाले आणि मागे वहिनी गुणगुणत असत. लग्न झाल्यापासून हा कार्यक्रम अखंड सुरू होता. मास्तरांना त्यातलं एकही गाणं पूर्ण ऐकू आलेलं नव्हतं, कारण मशीन चालू असे. आणि मशीन थांबलं की वहिनीही थांबत, कारण मशीन थांबलं म्हणजे गिऱ्हाईक आलं.

वर्षातून एकदाच वहिनी सगळ्यांसमोर गात. कॉलनीच्या हॉलमध्ये वार्षिक कार्यक्रम असे, त्यात त्यांचं एक गाणं असे. गाण्यातली बाई खिडकीत उभी राहून कोणाची तरी वाट पाहते आणि शेवटपर्यंत कोणी येत नाही. ऐकणाऱ्यांना ते पाठ होतं, तरी दर वर्षी दोन-चार जण नाक ओढत. साथीला कॉलनीतले कॅशिअर माउथ ऑर्गन वाजवत. त्या वर्षी कॅशिअरनी सगळे दात काढून कवळी बसवून घेतली. पहिल्याच तालमीत वरची कवळी माउथ ऑर्गनला चिकटून बाहेर आली, आणि कॅशिअरनी संगीतातून कायमची निवृत्ती घेतली.

ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीचे सेक्रेटरी मुलाची पँट न्यायला दुकानात आले, आणि पँटची घडी बघता बघता म्हणाले, "वहिनी, यंदा तुमचं कसं करायचं? साथीशिवाय गाणं नाही घ्यायचं असं ठरलंय. मागच्या वर्षी हेडमास्तर नुसतेच गायले, आठवतंय ना? चहा ठेवायच्या आत हॉल रिकामा."

"मी हेडमास्तर आहे का?" पडद्याआडून आवाज आला.

"नियम सगळ्यांना सारखा. मागे काहीतरी वाजलं पाहिजे. महिनाअखेरीपर्यंत नाव द्या साथीचं. नाहीतर ती वेळ जादूवाल्याला देऊ."

सेक्रेटरी गेले. पडद्यामागे बटणांचा डबा नेहमीपेक्षा जोरात बंद झाला. मास्तरांनी मशीन सुरू केलं. मागून गुणगुणणं आलं नाही. त्यांनी कफची एक शिवण पूर्ण केली, दुसरी पूर्ण केली, मुद्दाम रिकामंच मशीन चालवून पाहिलं. तरी काही नाही. संध्याकाळपर्यंत पडद्यामागे शांतता होती, आणि मास्तरांनी त्या दिवशी तीन कॉलरी उलट्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कव्हर कमरेत आत घेण्यासाठी माप पुन्हा घेताना टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी गिटारच्या तारांवरून घसरली. झणण् झालं. आणि पडद्यामागून, एक दिवस उपाशी राहिलेल्या माणसाने पोळीचा तुकडा उचलावा तसा, वहिनींनी तो सूर उचलला. दोन ओळी गायल्या आणि भान येऊन गप्प बसल्या.

संध्याकाळी सर आले तेव्हा मास्तर म्हणाले, "कव्हर राहू दे बाजूला. मला ही वाजवायला शिकवा."

"किती?"

"एक गाणं. महिनाअखेरीपर्यंत."

सर हसले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत, कारण इस्त्रीवाला शेजारून दोघांच्या वाटचं हसत होता. पडदा बाजूला करून वहिनी बाहेर आल्या. "तुम्ही? अहो, तुम्हाला दाराची बेल एका दमात वाजवता येत नाही."

"सर शिकवतील."

"सर माणसाला शिकवतील. तुम्ही बसलात की पाठीला कुबड येतं, बोलायला लागलात की तोंडात टाचण्या असतात."

"गाताय ना तुम्ही?" सरांनी विचारलं. "म्हणा बघू."

वहिनींनी गाणं म्हटलं. सरांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "यात मुख्य कॉर्ड एकच आहे. ए मायनर. मधे दोन ठिकाणी बदलावं लागतं, तिथे मास्तर तुम्ही हात उचला आणि गप्प बसा. साथ थांबली की लोकांना वाटतं मुद्दाम थांबवली. माझी ही जुनी गिटार आहे, राहू दे तुमच्याकडे."

अशा रीतीने मास्तरांच्या वाट्याला ए मायनर आला. जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं ओढून शिकवणी सुरू झाली. सरांनी सांगितलं, तर्जनी दुसऱ्या तारेवर, पहिल्या घरात, म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या खणात. मधलं बोट चौथ्या तारेवर, दुसऱ्या घरात. अनामिका तिसऱ्या तारेवर, त्याच घरात. उजव्या हाताने सगळ्यात जाड तार सोडून बाकीच्या पाच छेडायच्या. "हा उदास कॉर्ड आहे," सर म्हणाले.

"चेहराही तसाच ठेवायचा?"

"चेहरा आहे तोच पुरेल."

पहिले काही दिवस जो आवाज निघाला त्याला उदास म्हणणं हा उदासीचा अपमान होता. पत्र्याचं कपाट जिन्यावरून उतरवताना होतो तसा तो आवाज होता. सर बाहेरगावी गेलेले होते, त्यामुळे मास्तरांनी तोच आवाज मन लावून घोटला. वहिनी कानात कापूस घालून बटणं लावू लागल्या. इस्त्रीवाल्याने आडून विचारून घेतलं, की घरात सगळं ठीक आहे ना.

सर परतले तेव्हा उलगडा झाला. तारा बारीकपासून मोजायच्या असतात, म्हणजे गिटार मांडीवर घेतली की खालून वर. मास्तर मोजत होते वरून खाली. कारण शिंपी माप घेतो ते गळ्यापासून, खाली. पायाच्या अंगठ्यापासून शर्ट मोजणारा शिंपी कोणी पाहिला आहे? गंमत अशी, की तारा सहा असल्यामुळे कुठूनही मोजा, तिसरी आणि चौथी या मधल्याच दोन निघतात. त्यामुळे मास्तरांची दोन बोटं आपसूक बरोबर जागी पडत होती, आणि एकटी तर्जनी भलत्याच्या घरात शिरून सगळ्यांची अब्रू घालवत होती.

"माप चुकलं," मास्तरांनी लगेच मान्य केलं, आणि तारांखालच्या लाकडावर खडूने तीन फुल्या मारल्या. त्या दोन दिवसांत पुसल्या गेल्या. तोवर बोटांना घर सापडलं होतं.

मग दुखणं. नवशिक्यांची बोटं तारेने सोलून निघतात असं सर सांगत होते. मास्तरांच्या तर्जनीला काहीच झालं नाही. आयुष्यभर कापडाखालून सुईची टोकं झेलून ते बोट शिंगासारखं झालं होतं. उरलेली दोन मात्र पांढरपेशी होती, ती कळवळली. मास्तरांनी त्यांच्यावर दोन अंगुस्तानं चढवली, म्हणजे सुईपासून बोट वाचवणारी लोखंडी टोपणं. त्यामुळे बोटं वाचली, पण ए मायनरमधून असा काही किणकिणाट निघाला की रस्त्यावरून जाणारी एक बाई चमचे धुतंय का कोणी म्हणून डोकावली. टोपणं उतरवावी लागली. बोटांना गाठी आल्या, त्या मास्तर येईल त्या गिऱ्हाईकाला दाखवू लागले. पँट न्यायला आलेल्यालाही आधी गाठी बघाव्या लागत.

आणि एके दिवशी ए मायनर वाजला. पाचही तारा स्वच्छ, एकही मुकी नाही. मास्तर एवढे दचकले की त्यांनी हात उचलला आणि मग पुन्हा बोटं लावायला त्यांना बराच वेळ लागला. सर म्हणाले, "हाच." वहिनींनी कानातला कापूस काढला.

"आता ठेका," सर म्हणाले. "पाय आपटा जमिनीवर, आणि प्रत्येक वेळी पाय खाली आला की हात खाली."

इथे सगळं बोंबललं. मास्तरांचा पाय जमिनीवर आपटायला तयार नव्हता. जन्मभर तो पायडलवर होता. टाच, पंजा, टाच, पंजा, असा झुलत राहणं एवढंच त्याला माहीत. जमीन काही झुलत नाही. पाय बावचळला. तो लवकर पडे, उशिरा पडे, कधी पडतच नसे. हात बिचारा पायाकडे बघून चाले, त्यामुळे गाण्यातली बाई कधी खिडकीतून घाईघाईने पळत सुटल्यासारखी वाटे, तर कधी तिथेच झोपी गेल्यासारखी. वहिनी गाताना मधेच थांबून कमरेवर हात ठेवत. "मी कुठे आहे? तुम्ही कुठे आहात?"

"मी ए मायनरमध्ये आहे," मास्तर म्हणत.

"मग तिथेच राहा."

महिनाअखेर दोन दिवसांवर आली. सेक्रेटरींनी जादूवाल्याला तोंडी कळवून ठेवलं होतं. त्या दुपारी तालीम पुन्हा फसली तेव्हा वहिनींनी शांतपणे पाण्याचा ग्लास मास्तरांसमोर ठेवला. "जाऊ दे हो. एक वर्ष नाही गायलं तर काय बिघडतंय. जादू बघू." आणि त्या पडद्याआड गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मास्तरांनी सहन केलं असतं. पण त्या समजुतीने बोलल्या, आणि घरात हा प्रकार विरळा असल्यामुळे मास्तरांनी ग्लास न पिताच बाजूला सारला.

ते उठून आपल्या मशीनवर जाऊन बसले. काम करायचं म्हणून नव्हे. दुकानात त्यांना दुसरीकडे बसण्याची सवयच नव्हती. गिटार मांडीवरच होती. पुढे फळी असल्यामुळे तिच्या पोटाची कड त्यांनी फळीला टेकवली. पाय आपोआप पायडलवर गेले. मशीन सुरू झालं. आणि हाताला, कोणी न सांगता, कळलं की खाली कधी यायचं. खटक-खटक, झणण्. खटक-खटक, झणण्. पडद्यामागे काजं करणाऱ्या वहिनी नेहमीच्या सवयीने गायला लागल्या, पहिल्या ओळीपासून. दोन ठिकाणी मास्तरांनी हात उचलला, पाय चालू ठेवला. गाण्यातली बाई पहिल्यांदाच नीट वाट पाहत उभी राहिली. शेवटची ओळ संपली तेव्हा शटरबाहेर इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून उभा होता आणि त्याच्या फळीवरून कोणाचा तरी शर्ट करपल्याचा वास येत होता.

"पट्टा काढून ठेवा मशीनचा," तालमीनंतर कोपऱ्यातच बसून राहिलेले सर म्हणाले. "आवाज कमी होईल."

काढून पाहिला. पट्टा काढला की पायडल हलकं होतं, पाय सुटतो आणि गाणं धावायला लागतं. पट्टा परत चढवला. सुईतून दोरा तेवढा काढला.

"म्हणजे मशीन स्टेजवर न्यावं लागणार," सर म्हणाले.

"माझ्या मागे लग्न झाल्यापासून तेच वाजतंय," वहिनी म्हणाल्या. "लोकांनाही कळू दे."

सेक्रेटरींना साथीत "गिटार" एवढंच लिहून दिलं. जादूवाल्याला नाही म्हणून कळवलं गेलं. कार्यक्रमाच्या दिवशी इस्त्रीवाल्याच्या हातगाडीवर मशीन चढलं, त्याच्या शेजारी ढगळ कव्हरात गिटार, आणि मागे नवा शर्ट घातलेले मास्तर. तो शर्ट त्यांनी स्वतःला शिवला होता आणि त्यातही दोन इंच माया होती. हॉलच्या पायऱ्यांवर सेक्रेटरींनी हातगाडी अडवली. "हे काय? स्टेजवर कपडे शिवायचेत?"

"साथ आहे," वहिनी म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पडदा उघडला. प्रेक्षकांना दिसलं ते असं: मधे माइकपाशी वहिनी, आणि एका बाजूला मशीनवर बसलेले मास्तर, ज्यांच्या मांडीत गिटार होती आणि चेहऱ्यावर ए मायनर. पहिल्या रांगेत कॅशिअर कवळी सांभाळत हसले. माइकवाल्याने दुसरा माइक आणून गिटारच्या पोटातल्या भोकासमोर लावला, कारण गिटार म्हटली की माइक तिथे लावायचा एवढं त्याला शिकवलेलं होतं.

पण गिटारच्या पोटाची कड फळीला टेकलेली होती. फळीखाली चाक फिरत होतं, पट्टा सळसळत होता, सुई वर-खाली होत होती. गिटारच्या पोकळ पोटाने ते सगळं गिळलं आणि दसपट करून माइकमध्ये ओतलं. हॉलभर खटक-खटक, खटक-खटक असा घुमारा सुरू झाला, जणू भिंतीपलीकडे कुठेतरी एक मोठी, न थकणारी गाडी चालली आहे. मास्तरांचा ए मायनर त्यात होता. तो पाचही तारांवर स्वच्छ वाजत होता. त्याला सात-आठ माणसांच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या अंग चोरणाऱ्या पाहुण्याइतकंच स्थान होतं.

मास्तरांना ते कळत नव्हतं. ते बोटांकडे बघत होते. पहिली बदलाची जागा आली, त्यांनी हात उचलला. दुसरी आली, उचलला. दोन्ही वेळा बोटं आपापल्या घरी परत गेली. वहिनी मात्र एकदाही मागे वळून पाहत नव्हत्या. त्या डोळे मिटून गात होत्या, अगदी पडद्याआड बसल्यासारख्या, आणि जे सूर मागच्या वर्षी कॅशिअरच्या मागे फरपटत जात ते आज आपल्या आपण चालत होते. शेवटच्या ओळीला नाक ओढणाऱ्यांची संख्या चांगली वाढली. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी स्टेजवर येऊन म्हणाले, "नवीन कल्पना आहे!" जणू पायऱ्यांवर त्यांनीच ती सुचवली होती.

खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्या आजोबांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "मशीन फार गोड वाजवलंत."

मास्तर तिथून थेट सरांकडे गेले. "ऐकू आला का?"

"काय?"

"माझा ए मायनर."

सरांनी केसांचं रबर सोडलं, पुन्हा बांधलं. "मी अगदी जवळ उभा होतो," ते म्हणाले. "मला आला."

मास्तर वहिनींकडे वळले. "आणि तुला?"

"मला मशीन ऐकू आलं," वहिनी म्हणाल्या. "बरं वाटलं." आणि मग, पदराने कपाळ टिपत, "हात कुठे उचलायचा ते चुकला नाहीत. मी मोजत होते."

घरी जाताना हातगाडी मास्तरांनी स्वतः ढकलली. इस्त्रीवाला सारखा म्हणत होता की हॉलचं छप्पर हाताएवढं वर उचललं गेलं आणि परत जागेवर बसलं.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी स्पीकरवर वाजणारं तयार संगीत आणलं. वहिनी त्यावर गायल्या. मास्तर तिसऱ्या रांगेत बसले होते. गिटार सर घेऊन गेले, येताना त्यांनी झिपची तयार बॅग आणली होती. कव्हर दुकानातच राहिलं. सध्या ते इस्त्रीवाल्याच्या फळीला घातलेलं आहे. कमरेत सैल होतं, तेवढं मास्तरांनी आत घेऊन दिलं.